‘बोलावणं आलं का?’ : कॅनडातल्या नवऱ्याकडे जायला वर्ष का लागतं

लग्न होऊन सहा महिने झाले आणि मुलगी अजून माहेरीच दिसली, की गल्लीतला प्रश्न ठरलेला असतो: “काय गं, बोलावणं आलं का?” साताऱ्यात मी हा प्रश्न चौदा महिने ऐकला. नवरा मिसिसागाला, मी इथे. विचारणाऱ्यांच्या डोक्यात दोनच शक्यता असायच्या. एक तर नवऱ्याच्या मनात नाही, नाही तर कागदांत काही तरी घोळ आहे. खरं कारण तिसरंच होतं आणि तेव्हा ते मलाही नीट कळलं नव्हतं.

ऑक्टोबर २०२४ मध्ये कॅनडाने पुढच्या तीन वर्षांत किती लोकांना कायमचं राहू द्यायचं, याचे आकडे खाली आणले. तेव्हापासून ओळखीपाळखीतून फोन येतात: “आमच्या सुनेचं काय होणार? बंद झालं का सगळं?” बंद काही झालेलं नाही. मी वकील नाही, पण या रांगेत उभी राहिलेली आहे. रांग कशी चालते हे कळलं तर निम्मी तगमग कमी होते, म्हणून हे लिहिते आहे.

कोण कुणाला बोलावू शकतं

पीआर म्हणजे पर्मनंट रेसिडेन्सी, तिथे कायम राहण्याचा हक्क. हे नागरिकत्व नव्हे. पासपोर्ट भारताचाच राहतो, तिथल्या संसदेच्या निवडणुकीत मत देता येत नाही. पण राहता येतं, जवळजवळ कुठलीही नोकरी धरता येते, शिकता येतं. कॅनडाचा नागरिक किंवा पीआर असलेला माणूस जोडीदारासाठी हा हक्क मागतो, तेव्हा त्याला स्पॉन्सर म्हणतात.

इथेच पहिली गफलत होते. मुलगा ‘कॅनडाला आहे’ म्हणजे तो स्पॉन्सर होऊ शकतोच असं नाही. स्टुडंट व्हिसावर किंवा वर्क परमिटवर असलेल्याला स्पॉन्सर होता येत नाही. त्याच्या बायकोसाठी ओपन वर्क परमिटचा, म्हणजे कुठल्याही मालकाकडे काम करण्याच्या परवान्याचा, वेगळा रस्ता आहे आणि तो जानेवारी २०२५ पासून बराच अरुंद झाला आहे. तिकडच्या स्थळाला होकार देण्याआधी पगार विचारतात, घर विचारतात. ‘स्टेटस काय आहे’ हा प्रश्नही तेवढाच सरळ विचारावा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आणखी एक गैरसमज पगाराचा. जोडीदाराला स्पॉन्सर करायला सहसा किमान उत्पन्नाची अट नाही. ती अट आईवडिलांना बोलावताना असते. जोडीदाराच्या बाबतीत स्पॉन्सरला हमी लिहून द्यावी लागते. पतसंस्थेच्या कर्जाला जामीन राहण्यासारखाच हा प्रकार आहे. बायकोने पीआर झाल्यापासून तीन वर्षांत सरकारी आर्थिक मदत घेतली, तर ती रक्कम नवऱ्याकडून वसूल होते. मधे घटस्फोट झाला तरी जामीन सुटत नाही. मात्र उलट बाजूने पाहिलं, तर नवऱ्याशी पटलं नाही म्हणून बायकोचं पीआर आपोआप जात नाही. २०१२ मध्ये काही जोडप्यांसाठी ‘दोन वर्षं एकत्र राहिलंच पाहिजे’ अशी अट आली होती. मार खाऊनही बायका त्या अटीपायी घरात अडकतात, अशी टीका झाली आणि एप्रिल २०१७ मध्ये ती काढून टाकली. “नीट वागली नाहीस तर परत पाठवीन” असं पीआर झाल्यावर कुणी धमकावत असेल, तर त्याच्या हातात ते नाही.

एका फाइलमध्ये दोन माणसांची तपासणी

अर्ज एकच दिसला तरी आत दोन प्रश्न असतात. नवरा स्पॉन्सर व्हायला पात्र आहे का? आणि बायको पीआर मिळायला पात्र आहे का?

अर्ज ऑनलाइन भरला की आधी कागद पुरे आहेत का, एवढंच बघतात. एखादी सही राहिली, एखादा फॉर्म जुना निघाला, तर फाइल परत येते आणि पुन्हा रांगेच्या शेपटाला. पुरे असतील तर पोचपावती येते. ही पावती आली म्हणजे तुम्ही रांगेत आलात. मग नवऱ्याची पात्रता, बायकोचे बोटांचे ठसे आणि फोटो, ठरवून दिलेल्या डॉक्टरकडची वैद्यकीय तपासणी, पासपोर्ट कार्यालयाचा पोलीस दाखला, सुरक्षा तपासणी आणि सगळ्यात शेवटी लग्न खरं आहे का, हा निर्णय.

वैद्यकीय तपासणी बारा महिनेच चालते. फाइल लांबली तर ती पुन्हा करावी लागते. माझी दोनदा झाली. एवढं मात्र चांगलं, की मधुमेह आहे किंवा मूत्रपिंडाचा आजार आहे, उपचार महाग पडतील, या कारणाने जोडीदाराला नकार देत नाहीत. इतर अनेक अर्जदारांना तो नियम लागतो, जोडीदाराला त्यातून कायद्यानेच सूट आहे.

सरकारी फी एप्रिल २०२४ च्या दरांनुसार १,२०५ डॉलर आणि ठशांचे ८५. दर दोन वर्षांनी ती वाढते, म्हणून भरण्याच्या दिवशीचा आकडा बघावा.

मग वर्ष जातं कुठे?

एवढी कामं करायला वर्ष लागत नाही. फाइल बहुतेक काळ नुसती पडून असते.

आपल्याकडे धरणाच्या पाण्याचं आवर्तन कसं ठरतं? कालवा सल्लागार समितीची बैठक होते, धरणात पाणी किती ते बघतात आणि अमुक दिवस अमुक इतकं पाणी सोडायचं असं ठरतं. तुमचं रान नांगरून तयार आहे, बी आणून ठेवलंय, पाट साफ केलाय. तरी पाणी तुमच्या पाळीलाच येणार. पाटकरी तुमच्यावर नाराज आहे असा त्याचा अर्थ नाही.

कॅनडातही असंच. तिथल्या कायद्याप्रमाणे इमिग्रेशन मंत्र्याने दरवर्षी १ नोव्हेंबरपर्यंत संसदेपुढे आकडे मांडायचे असतात: येत्या वर्षात कुठल्या वाटेने किती लोक पीआर होतील. जोडीदार आणि मुलं या गटासाठी २०२४ चं लक्ष्य ८२,००० होतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेल्या योजनेत २०२५ साठी ते ७०,००० वर आलं. लग्नं काही सरकारी आकडा बघून होत नाहीत. अर्ज येतच राहिले, पाटाचं दार मात्र खाली आलं.

एक सोपा हिशेब बघा. समजा, एका खिडकीवर महिन्याला सात फाइली येतात आणि सहा निघतात. दर महिन्याला एक उरते. वर्षाने बारा साठल्या. आता सहाच्या वेगाने त्या बारा उपसायला दोन महिने लागणार, म्हणजे नव्या माणसाची रांग दोन महिन्यांनी लांबली. कारकुनाने दांडी मारली नाही, कुणाचे कागद चुकले नाहीत. अधिकारी दुप्पट केले तरीही वर्षाचा आकडा तोच असेल तर फरक थोडाच पडतो, कारण आत सोडायची माणसंच मोजून ठेवलेली असतात.

क्विबेक प्रांताचं गणित याहून कडक आहे. तिथे राहणाऱ्या स्पॉन्सरला प्रांताची वेगळी मंजुरी लागते. प्रांताने जून २०२४ ते जून २०२६ या दोन वर्षांत कुटुंबाच्या वाटेने जास्तीत जास्त १३,००० अर्ज घ्यायचं ठरवलं, त्यात जोडीदार आणि मोठ्या मुलांसाठी १०,४००. क्विबेकमधल्या माँट्रियलच्या जावयाची फाइल दुसऱ्या प्रांतातल्या ब्रॅम्प्टनच्या जावयाच्या मागे का पडली, याचं उत्तर बहुधा यातच असतं. दोन्ही घरांनी एकमेकांशी तुलना करून डोकेदुखी वाढवू नये.

“बारा महिने लिहिलंय, मग आमचे पंधरा का?”

डिसेंबर २०१६ मध्ये सरकारने जोडीदाराचे बहुतेक अर्ज बारा महिन्यांत निकालात काढण्याचं जाहीर केलं. यातला ‘बहुतेक’ हा शब्द महत्त्वाचा. सरकारी मोजमाप शंभरातल्या ऐंशी फाइलींचं असतं. दहा जोडप्यांत दोघं त्या मुदतीपलीकडे जाणार, हे त्या आकड्यातच गृहीत धरलेलं आहे. स्टँडवर ‘स्वारगेट, अंदाजे तीन तास’ असं लिहिलेलं असतं, म्हणून खंबाटकी घाटात अडकलेली गाडी हरवली असं आपण म्हणत नाही.

व्हॉट्सॅप ग्रुपवर रोज कुणी तरी टाकतं: “आमचं नऊ महिन्यांत झालं!” पेढ्यांचे फोटोही येतात. ज्यांचं झालेलं नाही ते गप्प असतात, त्यामुळे ग्रुपवर सगळ्यांचं लवकरच झाल्यासारखं दिसतं. मी शेवटी तो ग्रुप म्यूट केला.

“आपण भारतीय म्हणून मागे ठेवतात का?”

हा प्रश्न अमेरिकेवरून आलेला आहे. नोकरीच्या वाटेने अमेरिकेचं ग्रीनकार्ड मागणाऱ्या भारतीयांची रांग फार लांब आहे, कारण तिथे एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा आहे. कॅनडात जोडीदाराच्या अर्जांना अशी देशवार मर्यादा नाही. मात्र जिथून खोट्या लग्नांची प्रकरणं येऊन गेली आहेत, तिथल्या फाइली अधिकारी बारकाईने वाचतात, आणि भारत त्यात येतो. मोठ्या गटातले असलो की त्या गटाच्या लबाड्यांचा भुर्दंडही थोडा आपल्याला पडतो.

कांदेपोहे अधिकाऱ्याला कसे समजणार?

“तीन आठवड्यांच्या रजेत मुलगी पाहिली, लग्न केलं, परत गेला. गोऱ्या साहेबाला हे खरं वाटेल का?” ठरवून केलेली लग्नं त्यांना नवी नाहीत. त्यांना बघायचं असतं, की तुमच्या समाजात लग्न ज्या रीतीने होतं त्या रीतीने हे झालं का.

नियम दोन गोष्टी विचारतो. हे नातं आज खरं आहे का? आणि लग्न करताना मुख्य हेतू पीआर मिळवण्याचा होता का? २०१० पासून या दोहोंपैकी एका बाबतीत जरी अधिकाऱ्याचं समाधान झालं नाही, तरी नकार येऊ शकतो. म्हणजे संसार आज सुखाचा आहे एवढं पुरत नाही, सुरुवातही स्वच्छ दिसायला हवी.

म्हणून आठशे पानांचं चॅटिंग लावण्यापेक्षा गोष्ट सरळ सांगावी. स्थळ कुणी आणलं, पत्रिका जुळवली की नाही, मामा आले होते का, बैठकीत काय ठरलं, लग्नानंतर तो किती वेळा आला, घरखर्चाला पैसे पाठवतो का, विम्यावर नॉमिनी कोण. दोघांच्या वयात मोठं अंतर असेल, दुसरं लग्न असेल, लग्नाला आईवडीलच नव्हते, तर ते लपवू नये. कारण आपणहून लिहावं. फोटोत फक्त नवरानवरी आणि मागे रिकामा हॉल असेल, तर शंका येणारच.

मराठी घरांत हमखास दोन ठिकाणी गाडी अडते. पहिलं, ‘तुम्ही पहिल्यांदा कधी भेटलात?’ नवरा व्हिडिओ कॉलची तारीख लिहितो, बायको पोह्यांच्या कार्यक्रमाची. दोघंही खरं बोलतात आणि फाइलमध्ये विसंगती दिसते. दुसरं, नाव. पासपोर्टवर मधलं नाव वडिलांचं, विवाह प्रमाणपत्रावर नवऱ्याचं, आधारवर आडनाव सासरचं आणि लग्नात ताटातल्या तांदळावर लिहिलेलं चौथंच! कॅनडाच्या अधिकाऱ्याला ही चार माणसं वाटू शकतात. आधी वापरलेली सगळी नावं फॉर्ममध्ये दाखवावीत. फाइल चालू असताना केवळ हौस म्हणून पासपोर्टवरचं नाव बदलू नये. बदललंच तर लगेच कळवावं. नुसतं मराठीत असलेलं प्रमाणपत्र प्रमाणित भाषांतरासह द्यावं लागतं.

अक्षता पडल्या नाहीत, पण सही झाली

हा भाग लग्न ठरलेल्या प्रत्येक घराने नीट वाचावा. उशीर सोसता येतो, पण इथली चूक रस्ताच बंद करते.

आपल्या मनात लग्न म्हणजे मंगलाष्टकं, अक्षता, जेवणाच्या पंगती. कायद्याच्या मनात लग्न म्हणजे ते वैध झाल्याची तारीख. आता हे बघा: मुलाचा स्वतःचा पीआरचा अर्ज एक्स्प्रेस एन्ट्रीने, म्हणजे शिक्षण-नोकरीच्या गुणांवर चालणाऱ्या वाटेने, चालू आहे. मोठं लग्न डिसेंबरमध्ये ठरलंय, पण ‘कागद तयार असू देत’ म्हणून जूनमध्ये रजिस्टर लग्न उरकून घेतात. ऑगस्टमध्ये मुलाचं पीआर होतं. त्याला विचारतात, वैवाहिक स्थिती? तो म्हणतो, अविवाहित. त्याच्या मते तो खरंच बोलतोय, कारण घरात अजून हळद लागलेली नाही!

कॅनडाचा नियम सांगतो, की पीआर होताना जो जोडीदार किंवा मूल असूनही जाहीर केलं नाही आणि म्हणून तपासलं गेलं नाही, त्याला पुढे कुटुंबाच्या वाटेने स्पॉन्सर करता येत नाही. ही बंदी वर्षा-दोन वर्षांनी उठत नाही. चूक भोळेपणाने झाली का लबाडीने, हेही त्यात बघत नाहीत. २०१९ मध्ये एक सवलत आली, पण ती मोजक्या गटांपुरती. बाकीच्यांना मानवतेच्या आधारावर वेगळी विनंती करावी लागते आणि तिची खात्री कुणी देत नाही.

म्हणून मुलाची फाइल चालू असताना रजिस्टर लग्न केलं, तर ते त्याच आठवड्यात कळवावं. पीआर झाल्यावर लग्न करायचं असेल, तर सहीसुद्धा नंतरच करावी.

याच्या जोडीने आणखी एक. व्हिडिओ कॉलवरून, किंवा नवऱ्याच्या जागी दुसऱ्याला उभं करून लावलेलं लग्न जून २०१५ पासून इमिग्रेशनसाठी चालत नाही. लग्नाच्या वेळी दोघंही समोर हवीत. कोविडच्या काळात लॅपटॉपपुढे सप्तपदी घातलेल्यांना हे फार उशिरा कळलं.

तिकडे जाऊन थांबावं की इथेच?

दोन पद्धती आहेत. जोडीदार कॅनडात सोबत राहत असताना केलेला अर्ज इनलँड, आणि बाहेरून चालणारा आउटलँड. इनलँडमध्ये नकार आला तर अपील बोर्डाचं दार नसतं, फक्त निर्णय तपासून घेण्यासाठी फेडरल कोर्टाची परवानगी मागता येते. आउटलँडमध्ये नकार मिळाल्यापासून तीस दिवसांत स्पॉन्सर अपील करू शकतो आणि तिथे नवा पुरावाही मांडता येतो. लग्नाबद्दल शंका घेतली जाईल असं वाटत असेल, तर हा फरक मोठा आहे.

“पीआरची फाइल टाकली की व्हिजिटर व्हिसा मिळतच नाही” असं सर्रास सांगतात. कायदा तसं म्हणत नाही. कायमचं राहण्याची इच्छा असूनही तात्पुरतं येता येतं, फक्त मुदत संपली की परत जाल हे पटवावं लागतं. मे २०२३ मध्ये सरकारने अशा जोडीदारांचे व्हिजिटर अर्ज लवकर बघण्याचं आणि कॅनडात असलेल्यांना पोचपावतीनंतर ओपन वर्क परमिट मागू देण्याचं जाहीर केलं. तरी नकार येतात. पण अर्जच न करण्याचं कारण ते नव्हे.

आणि नवऱ्यानेच इकडे येऊन राहावं का? तो कॅनडाचा नागरिक असेल तर येऊ शकतो, नंतर तिथे परतणार हे दाखवावं लागतं. तो नुसता पीआर असेल तर फाइल चालू असताना त्याचं घर कॅनडातच हवं. शिवाय स्वतःचं पीआर टिकवायला पाच वर्षांत ७३० दिवस तिथे काढावे लागतात. गणपतीला आला, दहा दिवस राहिला, गेला, याने बिघडत नाही. नोकरी सोडून वर्षभर साताऱ्यात बसला, तर बिघडतं. आईंना हे पटवताना माझ्या नवऱ्याला घाम फुटला होता.

ओळख काढली तर?

तिकडेही खासदार असतात आणि त्यांच्या कार्यालयात इमिग्रेशनच्या फायली विचारणारी माणसं असतात. नवऱ्याने तिथे जाऊन विचारायला काही हरकत नाही, ते त्यांचं रोजचं काम आहे. पण वशिल्याने पाळी पुढे सरकत नाही. एखादं पत्र ईमेलच्या स्पॅममध्ये पडलंय का, काही कागद मागितलाय का, एवढं कळतं. कधी कधी तेवढ्यानेच अडलेलं सुटतं.

आपल्या माहिती अधिकारासारखा त्यांचाही कायदा आहे. आपल्याकडे दहा रुपयांचा स्टॅम्प, तिकडे पाच डॉलर. त्यातून फाइलवरच्या अधिकाऱ्यांच्या नोंदी मागवता येतात. माझ्या नोंदींत पाच महिने एक ओळही नव्हती. आधी राग आला, मग हायसं वाटलं: कुणी माझ्याबद्दल वाईट लिहिलेलं नव्हतं, कुणी काहीच लिहिलेलं नव्हतं.

फारच लांबलं तर फेडरल कोर्टाकडून ‘निर्णय द्या’ असा आदेश मिळवता येतो. त्यासाठी कामाच्या मानाने उशीर अवाजवी आहे, तो तुमच्यामुळे झालेला नाही आणि खात्याकडे पटेल असं कारण नाही, हे दाखवावं लागतं. मुदतीपेक्षा दोन महिने जास्त झाले म्हणून वकिलाला पैसे घालू नयेत. कोर्ट फक्त निर्णय द्यायला सांगतं, होकार द्यायला नाही.

पासपोर्ट मागितला म्हणजे

एक दिवस पासपोर्ट जमा करायचं पत्र येतं. घरात पेढे त्या दिवशी वाटतात, पण पीआर अजून झालेलं नसतं. पासपोर्टवर व्हिसा लागतो, सोबत एक कागद येतो. त्यावर शेवटची तारीख असते आणि ती सहसा वैद्यकीय तपासणीच्या किंवा पासपोर्टच्या मुदतीवरून ठरते. त्याआधी पोहोचावंच लागतं. पौषात निघू नये, नणंदेचं बाळंतपण होऊ दे, असं म्हणत ती उलटू देऊ नका. दरम्यान बाळ झालं किंवा दिवस गेले असतील, तर तेही आधी कळवायचं.

दागिन्यांची यादीसुद्धा आताच करा. पहिल्यांदा स्थायिक व्हायला जाताना स्वतःचं वापरातलं सामान कर न भरता नेता येतं, पण त्याची यादी दोन प्रतींत द्यावी लागते. मागाहून येणारं सामानही त्याच दिवशी लिहून द्यायचं. मी मंगळसूत्र, पाटल्या, आजीची ठुशी असं लिहिलं होतं. टोरंटोच्या विमानतळावरच्या अधिकारीणबाईंनी आधी विचारलं, वैवाहिक स्थितीत काही बदल? मी नाही म्हटलं. मग यादीवर बोट ठेवून विचारलं, ठुशी म्हणजे काय? मी गळ्याकडे हात नेऊन दाखवलं. त्यांनी पुढे इंग्रजीत ‘नेकलेस’ लिहिलं आणि शिक्का मारला.